ट्रॅक्टरचा खांदा

२८ जुलै, सोमवार. मेहकर

आज शोरूममध्ये आम्हा चार सेल्सवाल्यांना एकेक वही मिळाली. कव्हरवर वाघ आहे. तो कोणाला खायला निघालाय की जांभई देतोय, हे नीट कळत नाही. पुण्याहून आलेले ट्रेनर प्रज्वल सर म्हणाले, "रोज एकच प्रश्न स्वतःला विचारायचा. आज मी काय अ‍ॅग्रेसिव्ह केलं? आणि प्रामाणिकपणे लिहायचं. वही कोणी तपासणार नाही." सर सत्तावीस वर्षांचे आहेत आणि त्यांचे बूट पुढून इतके टोकदार आहेत की विंचू कोपऱ्यात गेला तरी सुटायचा नाही.

माझ्या कामाच्या मूल्यमापनाच्या कागदावर शेरा आहे: भागवत, नॉलेज गुड, रिलेशन गुड, नॉट अ‍ॅग्रेसिव्ह. अकरा वर्षं ट्रॅक्टर विकतोय, हा शब्द माझ्या नावापुढे पहिल्यांदाच लागला, तोही 'नॉट' लावून.

पोळ्यापर्यंत जो सगळ्यांत मागे राहील, त्याची बदली गोंदियाच्या नव्या शोरूमला. गोंदियाबद्दल माझी तक्रार नाही. तिकडे तळी आहेत म्हणतात. पण सुलतानपूरला बाबा आहेत आणि बाबा चौदा महिन्यांपासून माझ्याशी बोलत नाहीत. इथून ते बारा-तेरा किलोमीटरवर आहेत, तर ही गत. अबोला तसाच ठेवून मी पार गोंदियाला गेलो, तर तो कायमचाच होईल, अशी भीती वाटते. हे वाघाच्या वहीत लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

३० जुलै, बुधवार

पहिला प्रयोग. सुलतानपूरचे हिंमतराव काका आले. शेत अकरा एकर आणि नजर सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टरवर. एरवी मी म्हटलं असतं, काका, अकरा एकराला एवढं धूड कशाला? चहा पाजून लहान मॉडेल दाखवलं असतं. पण सरांनी शिकवलंय की गिऱ्हाईक बुकिंग केल्याशिवाय दाराबाहेर जाता कामा नये. म्हणून मी काचेच्या दारात हात पसरून उभा राहिलो.

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "सरक बे. मले लघवीले जाचं हाय."

सरकलो. काका गेले ते आलेच नाहीत. दारामागून सरांनी अंगठा दाखवला. म्हणे, स्टार्ट चांगला आहे.

३१ जुलै

घरातही सराव हवा म्हणून जयमालाला ठणकावून सांगितलं, "मला शेपूची भाजी नको." बायको म्हणाली, "बरं." ताटात मग दुसरंही काही आलं नाही. शेपू तशी चांगली असते.

३ ऑगस्ट, रविवार

सुलतानपूरला जाऊन आलो. बाबा ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसले होते. मी समोर उभा, तरी ते आईला म्हणाले, "त्याले सांग, चप्पल उन्हात हाय. पाय भाजन." आई म्हणाली, "भागवत, चप्पल उन्हात हाय. पाय भाजन." मी चप्पल सावलीत घेतली. चौदा महिने आमच्या घरात हे असं चालू आहे. आई म्हणते, माझा लाउडस्पीकर करून ठेवला तुम्ही दोघांनी.

झालं होतं ते असं. मागच्या जूनमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बाबांचं वय त्र्याहत्तर. त्याच उन्हाळ्यात हिऱ्या बैलाने धक्का दिला आणि बाबा दोनदा पडले होते. मी विचार केला, उद्या कंबर मोडली तर? ते दवाखान्यात असतानाच मी हिऱ्या आणि चांद्या, दोन्ही बैल विकले आणि शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर टाकलं. बाबा घरी आले. डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि नव्या डोळ्यांना पहिली दिसली ती रिकामी दावण. काही बोलले नाहीत. तेव्हापासून नाहीच बोलले.

मी त्यांच्या भल्यासाठीच केलं. अजूनही तसंच वाटतं.

आज वाघाला स्मरून जोरात म्हटलं, "बाबा, बोला ना आता!" बाबांनी रेडिओ मोठा केला. त्यावर खतांच्या मात्रांची माहिती चालू होती. ती आम्ही तिघांनी शेवटपर्यंत ऐकली.

बैल नाहीत तरी बाबा नवी वेसण वळत होते. बाजूला लाल-हिरवे गोंडेही करून ठेवले होते. माणसाची सवय जात नाही. वयही झालंय त्यांचं.

७ ऑगस्ट, गुरुवार

फॉलोअप अ‍ॅग्रेसिव्ह हवा म्हणून हिंमतराव काकांना आज सहा वेळा फोन केला. सहाव्यांदा रुखमाबाई काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ते म्हंतात का ते घरी नाहीत." मागून काकांचा आवाज आला, "अन् उद्याही नाही म्हनाव!"

सरांच्या फळ्यावर मी चौथा आहे. आम्ही चारच आहोत.

१० ऑगस्ट, रविवार

हा शब्द आहे तरी काय, हे एकदा पाहून घ्यावं म्हणून नजीर सरांकडे गेलो. त्यांनी मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. आता पुतण्याच्या सायकलच्या दुकानात खुर्ची टाकून बसतात. त्यांची डिक्शनरी दुकानातच असते. कव्हर कधीच गेलंय. पंक्चरवाल्यांचे हात लागून लागून पानांच्या कडा काळ्या झाल्या आहेत.

मी शब्द सांगितला. सर हसले. "कोन म्हनलं तुले अ‍ॅग्रेसिव्ह?"

"कोणीच नाही सर. म्हणूनच आलोय."

त्यांनी चष्मा पुसला आणि पान काढलं. मग वर्गात सांगायचे तसंच बोट वर करून सांगू लागले. शब्द मूळचा लॅटिन. 'अ‍ॅड' म्हणजे कडे. 'ग्रॅडी' म्हणजे चालणं, पाऊल टाकणं. "म्हंजे मियाँ, एखाद्याच्या दिशेनं पाऊल टाकनं. जवळ जानं. बस, एवढंच. जवळ जाऊन मारनं, हे लोकांनी मागून चिकटवलं. आन धंद्यात ही तारीफ हाय, हे तं लईच मागून. अमेरिकेत, शंभरेक वर्षं झाले असतील."

तेच पाऊल म्हणे ग्रेडमध्ये आहे, ग्रॅज्युएटमध्ये आहे, प्रोग्रेसमध्ये आहे. मी विचारलं, "आणि आपल्या धुऱ्या-बांधावरच्या काँग्रेस गवतात?" सर म्हणाले, "त्यातही. सगळे मिळून चालतात ते काँग्रेस. गवताले तं हे बरोबर लागू होते, सगळं वावर मिळून चालते."

मग पुस्तक मिटून म्हणाले, "तुमच्या मराठीतबी तेच हाय ना. आक्रमण. क्रम म्हंजे पाऊलच. आक्रमण, पराक्रम, अतिक्रमण, सगळे पायीच निघाले घरून." दुकानाचा अर्धा संसार रस्त्यावर मांडलेला आहे, त्यामुळे अतिक्रमण म्हटल्यावर पुतण्याने दचकून बाहेर पाहिलं.

निघताना सरांनी बाबांबद्दल विचारलं, "रामराव कसे हायेत? बोलतात?"

मी म्हटलं, "सर, उशीर होतोय."

१३ ऑगस्ट, बुधवार

नजीर सरांचा लॅटिन अर्थ वापरून पाहिला. गाडी सडकेवर लावली आणि हिंमतराव काकांच्या सोयाबीनमधून पायी त्यांच्याकडे चालत गेलो. काळ्या मातीने डावा बूट ठेवून घेतला. काका मला येताना पाहून पळणार होते, पण एका बुटावर चालणारा माणूस पाहून थांबले.

मी खरं ते सांगितलं. "काका, मोठा ट्रॅक्टर तुमच्या कामाचा नाही. लहान घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी घ्या." काकांनी बूट उपटून दिला. "पोळा झाल्यावर पाहू," म्हणाले.

संध्याकाळी प्रज्वल सरांना सांगितलं. ते म्हणाले, "भागवतजी, तुम्ही कस्टमरला घेऊ नका म्हणून सांगायला चिखलात गेलात?" असं म्हटलं की ते विचित्र वाटतं खरं.

१८ ऑगस्ट, सोमवार

नवी स्कीम. प्रत्येकाने एकेक डेमो ट्रॅक्टर सजवून, बॅनर लावून एका गावच्या पोळ्यात न्यायचा आणि बैलांच्या रांगेत उभा करायचा. सर म्हणाले, "मार्केटमध्ये घुसायचं!" मी सरांना समजावलं की पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहतात, मॉडेल नाही. ते म्हणाले, म्हणूनच.

कुठल्या तरी लांबच्या गावाचं नाव द्यावं, जिथे मला कोणी ओळखत नाही, असं ठरवलं होतं. घरी जयमालाला सहज बोललो. ती म्हणाली, "सुलतानपूरच लिहा. ओळखीचं गाव आहे, लोक मारणार नाहीत." मग आईला फोन करून अर्धा तास बोलत बसली. मी खोलीत आलो तसा विषय बदलला आणि दोघी तुपावर आल्या. घरचं तूप किती निघालं, पुरेल का, वगैरे. बायकांना बोलायला विषय लागतो कुठे.

सुलतानपूर लिहून दिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. पोळ्याचा आदला दिवस

दुपारी डेमो ट्रॅक्टर गावात नेला. उभा कुठे करणार? आईने आमच्या अंगणातच जागा झाडून ठेवली होती. जिथे बैल बांधायचे बरोबर तिथेच. मी मुद्दाम थोडा बाजूला लावत होतो, तर आई म्हणाली, "तिकडं चिखल हाय." मला तर कोरडं दिसत होतं.

आज खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेला बैलांचा खांदा आज तूप-हळदीने चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्याकडे आता कोणाचा खांदा चोळणार? पण दिवस कलला तशी बाबांनी तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं आणली. सवयच ती. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. मग आईला विचारलं, "खांदा कुठी हाय याचा?"

आई म्हणाली, "मले काय मालूम? ज्यानं आनला त्याले इचारा."

बाबा मला विचारणार नाहीत. मीच आईला म्हटलं, "आई, त्यांना सांग, ओढकामाचा जोर मागच्या चाकांवर येतो." आईने सांगितलं नाही. तिला हसू आवरत नव्हतं.

बाबांनी आधी दोन्ही हेडलाइटना गोंडे बांधले. पुढच्या हुकाला नवी वेसण बांधली. मग मागच्या डाव्या चाकाच्या मडगार्डला तूप-हळद लावली. आम्ही त्या पत्र्याला महिन्यात दोनदा पॉलिश करतो. मी उजव्या चाकाशी वाकून चिखल पुसत होतो. बाबा या बाजूला आले, उजवं मडगार्ड चोळलं आणि त्याच हाताने माझा खांदाही चोळला. चांगला घोळवून. हात पुसायला फडकं जवळ नसेल. शोरूमचा पांढरा शर्ट, खांद्यावर पिवळा धम्मक झाला.

मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ट्रॅक्टरला! ट्रॅक्टर जेवत नाही, हे त्यांना कोण सांगणार. मला वाईट वाटलं. चौदा महिन्यांनी बाबांच्या तोंडून आमच्या दोघांच्या मध्ये काही शब्द निघाले, तेही डिझेलच्या इंजिनाला.

एस.टी.ने घरी आलो. जयमालाला म्हटलं, शर्ट लवकर भिजत घाल, डाग जाणार नाही. तिने खांदा पाहिला आणि तोंडाला पदर लावला. शर्ट धुवायला टाकेना. घडी करून कपाटात ठेवला. आमच्या घरात कोणाला काय झालंय, कळत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सगळं सविस्तर लिहितो.

तोरणाखाली नऊ जोड्या आणि एक ट्रॅक्टर. माझ्या दोन्ही बाजूंचे बैल माझ्याकडे पाहत होते. आमच्याकडे तोरणाखाली झडत्या म्हणतात. एकमेकांची उणीदुणी काढणारे चार ओळींचे टोमणे, जितक्या जोरात तितकं चांगलं. मला पाहून हिंमतराव काका पुढे आले आणि अख्ख्या गावासमोर बेंबीच्या देठापासून ओरडले:

"आला रे आला डिझेलचा नंदी,
शेन ना गोमूत, उकिरड्यावर मंदी!
शिंग ना शेपूट, पुढं नुसता धूर,
याच्यापाई बापलेकाचा बोल गेला दूर!"

हर हर महादेव झाला, टाळ्या पडल्या. मी बॅनरमागे लपलो. शेवटच्या ओळीला मात्र कोणी हसलं नाही.

तोरण तुटल्यावर बैल घरोघर न्यायचे असतात. घरची बाई पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी देते. तोरणाखालून आलेलं जनावर कोणी दारातून परत पाठवत नाही आणि नेणाऱ्यानेही दार चुकवायचं नसतं. मला वाटलं होतं, आपण तोरण तुटताच निघून जाऊ. पण गाव म्हणालं, उभा राहिला ना रांगेत? मग फिरव. फिरवला. बायकांनी चारही टायर धुतले. माझे सर म्हणाले असते, फ्री सर्व्हिसिंग.

आमच्या घराच्या गल्लीशी आलो आणि माझा धीर सुटला. सरळ पुढे निघावं म्हणून गिअर बदलला. तर रस्त्याच्या मधोमध आई उभी. तिच्या शेजारी मला न सांगता आलेली जयमाला. दोघी हात पसरून, मी शोरूमच्या दारात उभा होतो तशाच. फरक इतकाच की या दोघींना कोणी सरका म्हणायची सोय नव्हती.

बाबा दारात ओवाळणीचं ताट घेऊन थांबले होते. मी वरच बसून राहिलो. जनावर नेणाऱ्याला खाली उतरून, वेसण धरून दारापर्यंत चालावं लागतं, हे मला माहीत आहे. लहानपणी मीच चांद्याची वेसण धरायचो. पण ट्रॅक्टर काही वेसणीने चालत नाही. शेवटी इंजिन बंद केलं आणि उतरलो. वेसणीचं टोक हातात घेतलं. ते दोन-तीन पावलांपुरतंच होतं. तेवढा चाललो.

बाबांनी बॉनेटला ओवाळलं. आईने पानावर पुरणपोळी बॉनेटवर ठेवली. मग ओट्यावर एक ताट मांडलं, पाट टाकला, तांब्या ठेवला. मी वेसण धरून उभाच. म्हटलं, असेल काही रीत.

आणि बाबा ओरडले.

"काऊन बे! काल आवतन देल्लं ना तुले? तुह्या वाटचं आता हा ट्रॅक्टर जेवन का?"

मला आधी कळलंच नाही. मी मागे वळून पाहिलं, कोणाला बोलतायत. मागे ट्रॅक्टर होता. मग खांदा आठवला.

मी रडलो. गावासमोर, हातात वेसण धरून, लहान पोरासारखा. म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"चुकलंच," बाबा म्हणाले. "बैल म्हातारे झालते, मीबी झालो. मले का दिसत नव्हतं? मोतीबिंदू डोळ्यात होता, डोक्यात नोता. इचारलं असतं तं मीच दावं सोडून देल्लं असतं. तू इचारलं काऊन नाही बे?"

पाटावर बसलो. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि मी तीन पोळ्या खाईपर्यंत मला शिव्या देत होते. त्यात माझा लहानपणीचा हिशेबही निघाला, चौथीत विहिरीत टाकलेल्या दप्तरासकट. इतकं गोड जेवण मी कितीतरी दिवसांत जेवलो नव्हतो. आई मध्येच म्हणाली, "मी सांगू का त्याले काही?" बाबा म्हणाले, "तू चूप बस. माह्यं चालू हाय."

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळ्याची कर

ट्रॅक्टर परत नेला. चौकशा: शून्य. बाकी तिघांच्या मिळून सतरा. धुणारा पोरगा मडगार्डवर साबण लावायला निघाला होता, त्याला म्हटलं, बाकी सगळं धू, तेवढं राहू दे.

प्रज्वल सरांनी गोंदियाचं पत्र तयार ठेवलंय. सोमवारी देतील. म्हणाले, "पर्सनली घेऊ नका. तुम्ही माणूस चांगले आहात, फक्त अ‍ॅग्रेसिव्ह नाही."

मी एकदाच झालो होतो. मागच्या जूनमध्ये, बाबांच्या डोळ्यांवर पट्टी असताना. हे सरांना सांगितलं नाही. बाबांना मात्र गोंदियाचं फोनवर सांगितलं. यावेळी आधी सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारी किती वाजता येते तुहा साहेब?"

२५ ऑगस्ट, सोमवार

साडेदहाला काचेचं दार उघडलं आणि स्वच्छ धोतर-टोपीतले बाबा आत आले. मागे हिंमतराव काका. चौदा महिन्यांत बाबांनी मेहकरात पाऊल टाकलं नव्हतं.

"पुन्याचा साहेब कोन हाय?"

प्रज्वल सर हात पुढे करून उठले. बाबा चालत गेले. लोक जिथे थांबतात तिथे थांबले नाहीत. आणखी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. बाबांची टोपी सरांच्या कपाळाला लागेल इतके जवळ. सर एक पाऊल मागे गेले. बाबा एक पुढे. असं करत सर खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

बाबांचा आवाज अजिबात चढला नाही. "साहेब, हे माह्यं पोरगं हाय. लई दिवसांनी बोलाले लागलो आम्ही. आता तुमी याले गोंद्याले धाडून राह्यले म्हंते. काऊन?"

सर म्हणाले, "काका, ती आमची पॉलिसी..."

"मले लहान ट्रॅक्टर पाह्यजे," हिंमतराव काका मध्येच म्हणाले. "हा म्हनला तोच. पन हा मेहकरात असन तंच. ज्यानं मले घेऊ नका म्हनलं, तोच खरं सांगन. अन् सर्व्हिसिंगले मी काय गोंद्याले येऊ? माह्ये दोन मेहुनेबी ट्रॅक्टर घ्याले थांबले हायेत."

बाबा तिथेच उभे. सरांना उठायला जागा नव्हती. मग त्यांनी ड्रॉवर उघडलं, पत्र काढलं, पाहिलं आणि परत आत ठेवून कुलूप लावलं. "बुकिंग फॉर्म आण रे कोणीतरी," म्हणाले.

बाबा वळले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "शर्टाचं बटन लाव नीट. दुकानात उभा राहतो का बाजारात?" आणि बाहेर पडले.

सर घाम पुसत मला म्हणाले, "भागवतजी, तुमचे वडील आधी सेल्समध्ये होते का?"

आज मी काय अ‍ॅग्रेसिव्ह केलं? काही नाही. बाबा आले होते.